राजाची उडी

मला चार आकडी एक नंबर पाहिजे होता. घराचा नव्हे, गाडीचा नव्हे, बुद्धिबळाचा. त्याला रेटिंग म्हणतात. रेटेड स्पर्धेत, रेटेड खेळाडूंशी ठरावीक डाव खेळून तुमचा खेळ एका पातळीच्या वर गेला, की जगभरच्या खेळाडूंच्या यादीत तुमच्या नावापुढं तो नंबर लागतो. तोवर तिथं शून्य असतं. माझ्या नावापुढं सात वर्षं शून्यच होतं. बेळगाव, निपाणी, गडहिंग्लज, कोल्हापूर, इचलकरंजी, जिथं म्हणून मंगल कार्यालयात टेबलं जोडून पट पसरतात तिथं मी गेलोय, आणि दर वेळी पातळीच्या जरासा खाली राहून परत आलोय.

बायको म्हणायची, एवढ्या रविवारांत एखादा माणूस पोहायला शिकला असता. मी म्हणायचो, शिकू दे की, मी कुठं अडवलंय. माझा स्वभाव तसा तापटच. उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये तपासनिसाचं काम करतो. हातात दिवसभर व्हर्नियर. माप केसभर चुकलं तरी तो तुकडा बाजूला काढायचा, मग मशीनवरचा गडी कितीबी बोंबलू दे. त्यामुळं शॉपमध्ये माझ्याशी गोड बोलणारं कोणी नाही, आणि मलाही त्याची सवय झालीय.

पण नंबर पाहिजे होता तो आप्पांसाठी. आप्पा म्हणजे माझे वडील. ब्याऐंशी पूर्ण. बेळगावजवळच्या पिरनवाडीत आमच्या दारातल्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी कापडी पट अंथरून बसतात, आणि ते जे खेळतात ते देशी बुद्धिबळ. मी सहा वर्षांचा असताना तेच शिकलो. त्यात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं पळत नाही. राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवायचा किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला एक मुभा असते. अख्ख्या डावात एकदा, फक्त एकदा, राजा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारू शकतो. तीही तोवर त्याला एकदाही शह बसलेला नसेल तरच. आप्पा ती उडी अशी राखून ठेवायचे की समोरच्याला वाटावं, म्हातारा विसरला. मग त्यानं चारी बाजूंनी राजाला कोंडून आणलं की आप्पा राजा उचलायचे, प्याद्यांवरून पलीकडं ठेवायचे आणि पानाचा डबा उघडायचे. आजूबाजूच्या चार गावांतले खेळणारे त्या उडीला वचकून असत.

मी आप्पांना आजवर एकदाही हरवलेलं नाही. आणि माझ्या स्पर्धांबद्दल त्यांचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं.

"घड्याळ लावून खेळतंय काय कोण? शर्यत हाय काय ती?"

"आप्पा, नंबर मिळतो त्यात."

"काय करणार नंबर घेऊन? शर्टाला लावणार?"

मला राग यायचा. पन्नाशीला आलेल्या माणसाला बापाच्या बोलण्याचा राग यावा ही काही चांगली गोष्ट नव्हे, पण यायचा. एकदा तो नंबर मोबाइलवर काढून त्यांच्या पटावर ठेवायचा आणि काही न बोलता चहा प्यायला आत जायचं, एवढंच माझं स्वप्न होतं.

निपाणीची स्पर्धा तीन दिवसांची होती, शुक्रवारपासून रविवारपर्यंत, सहा फेऱ्या. मी रोज पहाटेची बस धरून जायचो. निपाणी आली हे खिडकीतून बघावं लागत नाही, वखारींच्या तंबाखूचा वास आधी येतो. आमच्या नाकाला सवय आहे. लांबून आलेली मंडळी मात्र पहिल्या दिवशी पटावर बसून शिंकत असतात, आणि मी मनातल्या मनात खूश होतो. तेवढाच आपला फायदा.

या स्पर्धांचं वातावरण मी दुसऱ्या कुणाला समजावू शकलेलो नाही. बाहेर मांडवात आईबाप डबे घेऊन बसलेले, निम्मे मराठीत काळजी करतात, निम्मे कन्नडमध्ये. फेरीच्या जोड्या फोनवर येतात तरी भिंतीवर कागद लागला की सगळे तिकडं धावतात. आत गेलं की दोनशे माणसं आणि आवाज फक्त घड्याळांची बटणं दाबल्याचा. त्या खुर्चीत बसलो की माझे कान गरम होतात आणि मला इतकं बरं वाटतं की काय सांगू. शॉप नाही, रिजेक्शन नाही, हप्ते नाहीत. समोर पट, बस्स.

आणि या खेपेला मी खेळलोच तसा. पहिला डाव हरलो, तो सोडा, तो एका कॉलेजच्या पोरीनं मला वीस मिनिटांत गुंडाळला. पण दुसऱ्या फेरीत बरोबरी, तिसऱ्यात विजय, चौथ्यात इचलकरंजीच्या एका वकिलाला त्याचा वजीर अडकवून हरवलं. पाचव्यात परत बरोबरी. रविवारी दुपारी शेवटच्या फेरीआधी मी पंच मॅडमकडं गेलो. धारवाडकडच्या, तरुण, शांत बाई. त्यांनी लॅपटॉपवर काहीतरी बघितलं, परत एकदा बघितलं, आणि म्हणाल्या, "ड्रॉ साकु, सर."

साकु म्हणजे पुरे. शेवटच्या डावात नुसती बरोबरी झाली तरी नंबर मिळत होता. हरलो तर परत पातळीच्या खाली. मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं.

समोर आले ते संकेश्वरचे एक गृहस्थ. साठीच्या पुढचे, पांढरी मिशी, स्वेटर. साखर कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावर सगळी नोकरी गेली, आता रिटायर. त्यांना रेटिंग होतं आणि बऱ्यापैकी होतं. बसल्या बसल्या खिशातनं गूळ-शेंगदाणे काढून माझ्यापुढं धरले.

"घ्या ओ. कुठलं तुम्ही?"

"पिरनवाडी, अण्णा."

"मग आपलेच की. खेळा सावकाश."

एकेकाला दीड तास होता. पांढरे माझ्याकडं. मी भराभर घोडे, उंट बाहेर काढले, किल्लेकोट केला आणि राजाच्या बाजूचं एक प्यादं पुढं ढकलून मारामारी सुरू केली. चौदाव्या चालीला त्यांच्या उंटानं त्या मोकळ्या झालेल्या तिरक्या रेषेतून मला शह दिला. मी राजा कोपऱ्यात सरकवला, दोन प्याद्यांच्या मागं, आणि पुढं गेलो. नंतर तो उंट आणि माझा एक उंट आपापसात मारले गेले. सत्ताविसाव्या चालीला मी घोडा अशा घरात नेऊन ठेवला की अण्णांनी गूळ चघळायचा थांबवला. ते वीस मिनिटं विचार करत बसले. मला खुर्चीत बसवेना. उठलो, दुसऱ्यांचे पट बघून आल्यासारखं केलं, एकाचाही दिसला नाही, परत येऊन बसलो. अण्णांचं प्यादं पडणार होतं आणि ते मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं.

पण काट्यावरचा माणूस. प्यादं जाऊ दे म्हणून त्यांनी दोन्ही हत्ती माझ्या राजाकडं वळवले. आता त्यांच्याकडं चार मिनिटं, माझ्याकडं आठ. पाच मिनिटांच्या आत आलेल्याला चाली लिहायची सक्ती नसते. मला होती. प्रत्येक चाल तिथल्या तिथं कागदावर उतरवायची, पण गडबडीत मी कशाबशा तिसाव्या चालीपर्यंत पोचलो होतो. आणि अचानक दिसलं. पुढच्या चालीला त्यांचा हत्ती माझ्या शेवटच्या ओळीत उतरणार, आणि माझा राजा आपल्याच प्याद्यांच्या मागं कोंडून मरणार.

उपाय साधा होता. कडेचं प्यादं एक घर पुढं. राजाला खिडकी उघडायची. पहिल्या आठवड्यात शिकणाऱ्यालाही ते कळतं.

मी ते केलं नाही. मी राजा उचलला, दोन्ही प्याद्यांवरून पलीकडं ठेवला, अडीच घरं, आणि घड्याळाचं बटण दाबलं.

शपथेवर सांगतो, मला काही वावगं वाटलं नाही. उलट छाती भरून आली. कोंडलेला राजा सुटला, वा रे गड्या. हात आपोआप खिशाकडं गेला, जणू तिथं पानाचा डबा असणार होता. आणि अण्णांनी काय केलं? पटाकडं बघून "च्च" केलं आणि आपला हत्ती मागं घेतला. आम्ही दोघेही खेळत राहिलो. माझा राजा मोकळ्या मैदानात उभा होता, मी अजून एक प्यादं मारलं, त्यांचा हत्ती अडचणीत आला. चौतिसाव्या चालीनंतर त्यांनी घड्याळाकडं बघितलं, सुस्कारा टाकला आणि पटावरून हात पुढं केला.

"ड्रॉ करूया काय ओ?"

झालं. सात वर्षं त्या हातासाठी फिरत होतो मी. कानात गरम हवा भरल्यासारखं झालं. हातात हात द्यायचा, सही करायची, बस धरायची. फक्त कागदावर चार चाली लिहायच्या राहिल्या होत्या, तेवढ्या भरू म्हणून मी पेन टेकवलं. एकतिसावी चाल. राजा. कुठून? कोपऱ्यातून. कुठं?

पेन तिथंच थांबलं. राजा एका चालीत तिथं जाऊच शकत नाही. या खेळात नाही.

अण्णांचा हात अजून पुढंच होता. पंच मॅडम लांब खिडकीजवळ दुसऱ्या पटावर. कुणी बघितलं नव्हतं. आणि ज्याच्यावर अन्याय झाला तोच माणूस मला बरोबरी देत होता. मला माझा भयंकर संताप आला. चाळीस वर्षं खेळून देशी डाव हाडात मुरलाय, तो ऐन वेळी असा बाहेर यावा? आणि दुसरा विचार आला तो असा, की हा कागद मी आप्पांना दाखवणार होतो. त्या ओळीत मी काय लिहू?

"अण्णा, थांबा. हात नको."

"का ओ? जिंकायचं हाय होय?"

"न्हाय. माझा राजा चुकीच्या घरात उभा हाय."

त्यांनी चष्मा वर केला. राजाकडं बघितलं, कोपऱ्याकडं बघितलं, परत राजाकडं.

"हितं कसं आलं हे?"

"उडी मारून."

मग त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज न करता हसत होते. "आणि मला दिसलं न्हाय की," ते कुजबुजले. "आमच्या घरातबी राजा उडत होता लहानपणी. मला वाटलं, बरोबरच हाय." मग हात परत पुढं करून म्हणाले, "जाऊ दे. मी ड्रॉ म्हटलोय, ड्रॉ. कुणाचं काय जातंय?"

इथं माझं डोकं फिरलं. ते भल्यासाठी बोलत होते, मला ते कळतही होतं, तरी फिरलं.

"काट्यावर असंच सोडत होता काय तुम्ही? गाडीचं वजन चुकलं तर जाऊ दे म्हणत होता?"

त्यांचं हसू गेलं. मला वाटलं, आता हे चिडणार, आणि चिडले तर बरोबरच. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग पुढं केलेला तो हात त्यांनी सरळ वर केला आणि पंच मॅडमना हाक मारली.

नियम फार थंड असतात. मॅडमनी घड्याळ थांबवलं, माझा कागद घेतला, सगळा पट एकतिसाव्या चालीच्या आधी होता तसा मांडला. चुकीच्या चालीबद्दल अण्णांना दोन मिनिटं जास्त. आणि मी राजाला हात लावला होता, म्हणजे राजाच हलवायचा. खिडकीचं प्यादं आता नाही. राजाला जायला एकच घर होतं, शेजारचं. त्या घरात गेलो की मेलो, हे मला, अण्णांना, आणि बहुतेक मॅडमनाही दिसत होतं.

मी राजा तिथं ठेवला.

अण्णांनी हत्ती उचलला नाही. माझ्याकडं बघत राहिले. "खेळू?"

"खेळा की अण्णा."

हत्ती उतरला. मात. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बाहेर आल्यावर फोन नंबर घेतला, दिला, आणि उरलेले शेंगदाणे माझ्या खिशात कोंबले.

बसमध्ये मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. संकेश्वर मागं पडलं, घाट उतरला, आणि मी आपला डोक्यात सत्ताविसावी चाल परत परत खेळत होतो. नंबर गेला होता, त्याचं वाईट वाटतच होतं, खोटं कशाला बोलू. पण तो घोडा. अण्णांनी गूळ चघळायचा थांबवला होता. असला डाव मी जन्मात खेळलो नव्हतो आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवणार नव्हतं.

दिवेलागणीला पिरनवाडीत उतरलो. आप्पा कट्ट्यावर एकटेच होते. पट पसरलेला.

"काय झालं रं?"

"हरलो. पण बघा तर कसा."

मी कागद उघडला. आप्पांना तसलं लिहिलेलं वाचता येत नाही, म्हणून मी सांगत गेलो आणि ते मोहरे हलवत गेले. सात वर्षांत पहिल्यांदा ते माझा स्पर्धेतला डाव बघत होते. किल्लेकोटाला तोंड वाकडं केलं, प्यादं दोन घरं पळालं तिथं "हं" केलं. चौदाव्या चालीचा शह आला, राजा कोपऱ्यात गेला. सत्ताविसाव्या चालीला घोडा ठेवला आणि त्यांचा हात थांबला.

"ही तू खेळलास?"

"व्हय."

ते पटाकडं बघत राहिले. "बरी हाय."

चाळीस वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मग उडी सांगितली. अण्णांचा पुढं आलेला हात सांगितला, कागद सांगितला, बरोबरी हातात असताना मी कसा बोललो ते सांगितलं. कबूल करतो, जरा रंगवूनच सांगितलं. मला वाटलं, आता आप्पा पाठीवर हात ठेवतील. निदान हसतील. त्यांच्याच उडीनं माझा नंबर घालवला होता.

आप्पा हसले नाहीत. राजा हातात धरून पटाकडं बघत होते. मग त्यांनी एक-एक मोहरा मागं न्यायला सुरुवात केली, चालीमागून चाल, एकही न चुकता, चौदाव्या चालीपर्यंत. आणि उंटावर बोट ठेवलं.

"हितं तुला शह बसला."

"व्हय."

"शह बसल्यावर राजा उडतोय काय?"

मी कागदावर चौदावी चाल शोधली.

"कोण शिकवलं तुला? मी शिकवलो असं?"

मी पटाकडं बघत होतो. त्यांच्या खेळातही ती चाल चुकीचीच होती. पंच मॅडमच्या नियमात बसत नव्हती आणि कट्ट्यावरच्याही नाही. दोन्ही काट्यांवर माल कमीच भरला होता, आणि मी मात्र बसमधून छाती काढून आलो होतो.

"आणि त्या संकेश्वरच्यालाबी कळालं न्हाय?"

"न्हाय, आप्पा."

आप्पांनी मोहरे परत पहिल्या जागी मांडायला घेतले. पांढरे माझ्याकडं, काळे त्यांच्याकडं. सगळे लागल्यावर पानाचा डबा उघडला.

"फोन लाव त्याला. येत्या रविवारी हिकडं ये म्हणावं. दोघांनाबी पहिल्यापासनं शिकवायला पाहिजे."

मी तिथंच बसून संकेश्वरला फोन लावला.